रेंज गेल्यावरचं गाणं

स्ट्रीमर विकत घ्यायचा म्हटलं की भोर-वेल्ह्याकडचा माणूस पुण्याला जातो, तपकीर गल्लीत किंवा एखाद्या वातानुकूलित शोरूममध्ये. दुकानात स्ट्रीमर वेगवान फायबरवर लावलेला असतो. राउटर हातभर अंतरावर असतो आणि लाइट जाण्याचा प्रश्नच नसतो. विक्रेता फोनवर बोट टेकवतो, गाणं लागतं. अशा जागी सगळेच स्ट्रीमर उत्तम असतात. तोच डबा कापूरहोळवरून भोरला आणि पुढे नीरा-देवघरच्या कडेने हिरडोशीच्या खोऱ्यात नेला, किंवा नसरापूरवरून तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात नेला, की त्याची खरी परीक्षा सुरू होते. पावसाळ्यात घाटमाथ्याला झाड पडलं की तार तुटते, तार तुटली की लाइट जाते आणि त्यानंतर टॉवरची बॅटरी टिकेल तेवढा वेळच रेंज. भाटघर आणि पानशेतच्या धरणांच्या पायथ्याशी वीज तयार होते आणि त्याच खोऱ्यांतल्या वाड्यावस्त्या अंधारात बसतात. पण त्या विषयाला वेगळं पुस्तक लागेल.

म्हणून स्ट्रीमर निवडताना माझी पहिली कसोटी आवाजाची नाही. इंटरनेट नसताना हे यंत्र काय करतं, एवढंच मी आधी विचारतो. आवाजाकडे नंतर येऊ. तिथे सांगण्यासारखं त्या मानाने थोडं आहे.

स्ट्रीमर म्हणजे एक छोटा संगणक, फक्त कळफलक नसलेला. नेटवर्कवरून गाण्याची फाइल तुकड्यातुकड्यांनी आणायची, थोडा साठा जवळ बाळगायचा, आवळून बांधलेली फाइल उलगडायची आणि त्यातून निघालेले आकडे अगदी एकसारख्या लयीत डॅककडे सोपवायचे, हे त्याचं काम. डॅक त्या आकड्यांपासून विद्युतलहर तयार करतो, अ‍ॅम्प्लिफायर ती लहर स्पीकर हलवण्याइतकी मोठी करतो. बाजारात या तिन्ही गोष्टी एका डब्यात मिळतात, त्यातल्या दोन मिळतात किंवा नुसता स्ट्रीमर मिळतो. मी नुसत्या स्ट्रीमरच्या, फार तर डॅकसह येणाऱ्या स्ट्रीमरच्या बाजूचा. चांगला अ‍ॅम्प्लिफायर वीस-पंचवीस वर्षं सहज चालतो, स्पीकर त्याहून जास्त. संगणक मात्र पाच-सात वर्षांत म्हातारा होतो. एका म्हाताऱ्यापायी दोन तरण्यांनाही घराबाहेर काढावं लागेल, अशी खरेदी कशाला करायची?

आता इंटरनेट नसतानाचा प्रश्न. घरातलं वायफाय आणि बाहेरून येणारं इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राउटरला वीज मिळते आहे तोवर घरातली यंत्रं एकमेकांशी बोलू शकतात, मग बाहेरची तार तुटलेली असो की रेंज शून्य असो. म्हणजे गाणी घरातच एखाद्या हार्ड डिस्कवर असतील आणि स्ट्रीमरला ती घरच्या नेटवर्कवरून वाचता येत असतील, तर चार दिवस जगाशी संपर्क तुटला तरी मल्लिकार्जुन मन्सूर ऐकता येतात. यासाठी यूपीएनपी नावाची पद्धत १९९९च्या सुमारापासून आहे. डीएलएनए या नावाने टीव्हीवाल्यांनीही तीच पुढे उचलली. ती जुनाट आहे, तिची अ‍ॅप बहुधा रूपाने बेतासबात असतात, पण ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही आणि तिला बाहेरच्या कुणाची परवानगी लागत नाही. स्ट्रीमरच्या खोक्यावर ती दिसली नाही, तर खोकं परत ठेवावं.

खोक्यावरच्या बाकीच्या नावांमध्ये एक फरक लपलेला असतो आणि तो डोंगरात फार महाग पडतो. एअरप्लेत गाणं तुमच्या फोनमधून स्ट्रीमरकडे जातं. फोन घेऊन तुम्ही गोठ्याकडे गेलात की गाणं अडखळतं, पण रेंज नसतानाही फोनमध्ये उतरवून ठेवलेलं गाणं मात्र वाजतं. स्पॉटिफाय कनेक्टमध्ये उलटं. तिथे फोन नुसता रिमोट असतो आणि गाणं स्ट्रीमर स्वतः इंटरनेटवरून आणतो. फोनची बॅटरी वाचते, फोन बंद केला तरी गाणं चालू राहतं, सगळं छान. पण रेंज नसेल तर फोनमध्ये उतरवलेली शेकडो गाणी कनेक्टच्या काहीच कामाची नाहीत, कारण स्ट्रीमर ती फोनकडे मागतच नाही. मग एअरप्ले नाही तर ब्लूटूथ. शिवाय उतरवलेली गाणी जिवंत राहायला स्पॉटिफायच्या अ‍ॅपला ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. गूगल कास्टचंही साधारण कनेक्टसारखंच. म्हणून कनेक्टच्या जोडीला स्थानिक वादनाची सोय हवीच. काही स्ट्रीमर तर पहिल्यांदा सुरू करतानाच कंपनीचं खातं उघडायला लावतात. ते काम पुण्यातच उरकून यावं.

परदेशी परीक्षणं वाचून स्ट्रीमर ठरवणाऱ्यांना एक इशारा. तिथे टायडल आणि कोबझ या सेवा कोणत्या यंत्रावर किती सफाईने चालतात यावर पानंच्या पानं खर्च होतात. या दोन्ही सेवा भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत. आपल्याकडे प्रश्न असतो स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक आणि जिओसावनचा. अ‍ॅपलने २०२१मध्ये मूळ दर्जा राखणारी लॉसलेस गाणी जास्तीचे पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. स्पॉटिफायला तिथवर यायला २०२५ उजाडलं. अ‍ॅपलची गाणी बहुतेक स्ट्रीमरवर एअरप्लेनेच पोचतात, तेव्हा आयफोनवाल्या घराने एअरप्ले आधी पाहावं, अँड्रॉइडवाल्यांनी कास्ट. एवढं पुरे. सेवांचा तक्ता करण्यात अर्थ नाही, कारण सेवाच टिकत नाहीत. गानाने २०२२मध्ये फुकट ऐकण्याची सोय बंद केली आणि २०२४मध्ये विंक म्युझिक हे अ‍ॅपच बंद झालं. लोकांनी वर्षानुवर्षं लावलेल्या याद्या तिथल्या तिथे संपल्या.

आणि मुळात हवं ते तिथे असतं का? हिंदी चित्रपटगीतं असतात. नाट्यसंगीत, अभंग, भावगीतंही बरीच असतात. पण गावच्या सप्ताहातलं कीर्तन, भजनी मंडळाने रात्रभर जागवलेली एकादशी, आजोबांनी टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलेला जागरण-गोंधळ कुठल्या सेवेवर मिळणार? अशा कॅसेटी या भागात अनेक घरांत ट्रंकेत पडून आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांच्या फितीवर थोडी बुरशी चढते आहे. माझ्या दृष्टीने स्ट्रीमर घेण्याचं सगळ्यात सबळ कारण तेच आहे. यंत्र घरात आलं की त्याला खाऊ घालण्यासाठी का होईना, माणूस ती ट्रंक उघडतो.

गावाकडच्या श्रोत्याला हे कुणी शिकवायची गरज नाही, हेही खरं. मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्ड भरून घेण्याची रीत तालुक्याच्या गावांत वर्षानुवर्षं होती. सारेगामाने २०१७मध्ये कारवां हा रेडिओसारखा दिसणारा डबा आणला, त्यात ५,००० गाणी आधीच भरलेली होती. शहरातले तंत्रज्ञ त्याला हसले. डबा मात्र धडाक्यात खपला. त्याला नेट लागत नव्हतं, खातं लागत नव्हतं. स्ट्रीमरच्या जोडीला घरचा संग्रह ठेवणं म्हणजे त्याच शहाणपणाला चांगला आवाज आणि मनाजोगती निवड देणं.

संग्रहाला जागा किती लागते? सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट खातो, म्हणजे तासाला साधारण ६३५ एमबी. फ्लॅक या पद्धतीत तो एक कणही न गमावता बहुधा अर्ध्याच्या थोडं वर येतो. तासाभराच्या सीडीला ३५० एमबी धरले, तर ५०० सीडी सुमारे १७५ जीबीत मावतात. तेवढ्यासाठी तळहाताएवढी एसएसडी पुरते. फिरती तबकडी असलेल्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी बरी, कारण फिरणारे भाग नसल्याने आपटण्या-हादरण्याचा धक्का ती जास्त सोसते. ही डिस्क राउटरला लावा, जुन्या लॅपटॉपला लावा किंवा थेट स्ट्रीमरला. मात्र थेट लावायची असेल तर दुकानात नीट विचारून घ्या. स्ट्रीमरच्या पाठीवर यूएसबीचं भोक दिसलं म्हणजे ते डिस्क वाचतं असं नाही. पुष्कळदा ते फक्त वीज घेण्यासाठी असतं.

मग येते नावं देण्याची कटकट, आणि तिथे आपलं संगीत या यंत्रांना जरा जडच जातं. ही सगळी रचना कलाकार, अल्बम, गाणं या तीन कप्प्यांची आहे. राग, ताल, बंदिश, नाटकाचं नाव यांना कप्पाच नाही. यमन हवा असेल तर शोधायचा कुठे? इंग्रजी अक्षरांत बागेश्री दोन-तीन प्रकारे लिहिली जाते, आमोणकरही. स्वतःच्या फाइलींना आपण देवनागरीत नावं देऊ शकतो. फ्लॅकमध्ये ती यूनिकोडमध्ये साठतात, म्हणून वीस वर्षांनीही वाचता येतील. एमपी३च्या सगळ्यात जुन्या लेबलांत ३० अक्षरांचीच जागा असे आणि देवनागरीची सोयही नव्हती. पूर्वीच्या फाइलींवर प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसतात त्या बऱ्याचदा त्यामुळे. विलायती स्ट्रीमरच्या पुढच्या छोट्या पडद्यावर जोडाक्षरं फुटतात किंवा नुसते चौकोन उमटतात. फोनवर तेच नाव व्यवस्थित दिसतं. तेव्हा पडद्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

क्रमांकाचा मुद्दा ‘गीतरामायणा’वरून चांगला समजतो. गदिमांची गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली, १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक, अशी ५६ गीतं. लव-कुशांपासून सुरू होणारी ती सलग कथा आहे. फाइलींना क्रमांक नसतील तर स्ट्रीमर त्या अकारविल्हे लावतो आणि रावणवधानंतर स्वयंवर येतं. नुसतं १, २, ३ असं फाइलीच्या नावात घातलं, तर काही यंत्रं १ नंतर १० घेतात. म्हणून ०१, ०२ असं लिहावं आणि आतल्या लेबलातही क्रमांक भरावा. हे काम एका बैठकीत होत नाही. लाइट गेलेल्या संध्याकाळी लॅपटॉपच्या बॅटरीवर थोडं थोडं करण्याजोगं ते आहे.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने एक परीक्षा मात्र कधीच चुकवू नये. सीडीवर विलंबित ख्याल एका ट्रॅकमध्ये आणि द्रुत पुढच्या ट्रॅकमध्ये असतो. मैफलीत त्यांच्यामध्ये काही थांबलेलं नसतं, तानपुरा अखंड चालू असतो. साधारण गाण्यांत दोन ट्रॅकमध्ये अर्धा सेकंद शांतता आली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे तानपुरा तुटतो आणि मन लागलेलं एकदम विस्कटतं. चांगला स्ट्रीमर पहिला ट्रॅक संपण्याआधीच पुढचा उलगडून तयार ठेवतो. यूपीएनपीत पुढच्या गाण्याची आगाऊ वर्दी देण्याची सोय आहे, पण ती ऐच्छिक असल्याने काही कंपन्यांनी ती केलेलीच नाही आणि काही नियंत्रक अ‍ॅप ती वापरतच नाहीत. खोक्यावर ‘गॅपलेस’ लिहिलेलं असतं ते कधी कधी फक्त कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपपुरतं खरं असतं. फाइलीचाही दोष असू शकतो. एमपी३ हा आवाज १,१५२ नमुन्यांच्या, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांच्या ठोकळ्यांत बांधतो आणि शेवटचा ठोकळा भरला नाही तर शांततेने भरून काढतो. फ्लॅकमध्ये अशी भरताड नसते. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर असे दोन सलग ट्रॅक न्यावेत आणि जोडाच्या जागी फक्त तानपुऱ्याकडे कान ठेवावा.

आता आवाज. सीडीचा १६ बिटांचा दर्जा हळूत हळू आणि मोठ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर ठेवू शकतो. शांत खोलीतही पंखा, फ्रीज, रातकिडे धरून ३० डेसिबलच्या आसपास गोंगाट असतोच. वेल्ह्यात जुलैत पत्र्यावर पाऊस वाजत असतो तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. तिथे २४ बिटांचे जास्तीचे बारकावे कुणाला ऐकू येणार? २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झची फाइल सेकंदाला ९,२१६ किलोबिट मागते, म्हणजे सीडीच्या साडेसहापट. आजचे बहुतेक स्ट्रीमर ती वाजवतात, वाजवू देत. पण या आकड्यासाठी एका यंत्रावरून दुसऱ्या महाग यंत्रावर उडी मारू नये. अब्दुल करीम खाँच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांना तर सीडीचा दर्जाही सैल होतो. तिथे खरं काम असतं ते चांगली तबकडी मिळवणं, ती स्वच्छ करणं आणि योग्य वेगाने फिरवणं.

नेटचा वेगही लोकांना वाटतो तितका लागत नाही. ३२० किलोबिटचं गाणं सोडाच, सीडीच्या दर्जाची फ्लॅकसुद्धा २ एमबीपीएसमध्ये आरामात येते. भोर-वेल्ह्यात अडचण वेगाची नाही, सलगतेची. दर काही मिनिटांनी चार सेकंद गायब होणारी रेंज ३०० एमबीपीएसच्या जाहिरातीने भरून निघत नाही. म्हणून जो स्ट्रीमर चालू गाणं पूर्ण आणून जवळ ठेवतो तो दोन-चार सेकंदांचाच साठा करणाऱ्यापेक्षा इथे जास्त उपयोगी.

नेटवर्कच्या महागड्या तारांबद्दल माझं मत सरळ आहे. पैसे वाचवा. नेटवर्कवर वाटेत एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवला जातो. आकडे एक तर जसेच्या तसे येतात, नाही तर गाणं थांबतं. तारेने सूर गोड होण्याची सोय त्यात नाही. स्ट्रीमरमधून डॅककडे जाताना मात्र वीजपुरवठ्याची घरघर तांब्याच्या तारेवाटे पुढे सरकू शकते. तसं जाणवलं तर ऑप्टिकल तार लावावी. तिच्यातून वीज जातच नाही. ती २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत बहुधा भरवशाची असते, आणि वर म्हटल्याप्रमाणे तेवढं रगड झालं.

यंत्राचं आयुष्य त्याच्यातल्या लोखंडावर कमी आणि कंपनीच्या मर्जीवर जास्त अवलंबून असतं. दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. गूगलने २०१५मध्ये क्रोमकास्ट ऑडिओ ही स्वस्त, सुबक चकती आणली आणि जानेवारी २०१९मध्ये तिचं उत्पादन थांबवलं. विकल्या गेलेल्या चकत्या चालत राहिल्या. मार्च २०२५मध्ये एके दिवशी त्या जगभर एकदम मुक्या झाल्या, कारण आत बसवलेल्या दहा वर्षांच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण तोवर घरातल्या घरात वाजवायलाही त्या कामाच्या उरल्या नव्हत्या. दुसरं उदाहरण स्क्वीझबॉक्सचं. स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने २००१मध्ये पहिला नेटवर्क प्लेअर काढला, २००६मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली, २०१२मध्ये ही मालिका बंद केली. तरीही जुने स्क्वीझबॉक्स आजही वाजतात, कारण त्यांना गाणी पुरवणारी संगणकप्रणाली पहिल्यापासून मुक्त होती आणि ती वापरणाऱ्यांनीच सांभाळली. आता तिचं नाव लिरियन म्युझिक सर्व्हर आहे. कंपनीने पाठ फिरवल्यावर यंत्राचं काय होणार, हे आधीच ठरलेलं असतं ते असं.

ज्याला थोडी खटपट आवडते त्याने म्हणूनच २०१२मध्ये आलेल्या रास्पबेरी पायचा विचार करावा. पत्त्यांच्या जोडाएवढा हा संगणक, त्यावर बसणारं डॅकचं कार्ड, मोड, व्होल्युमिओ किंवा पायकोअरप्लेअर यांपैकी एक फुकट प्रणाली, झाला स्ट्रीमर. भोरच्या आयटीआयमधला पोरगा एका दुपारी जोडून देईल. बिघडलं तर मेमरी कार्ड पुन्हा भरायचं. खटपट नको असेल तर विम, ब्लूसाउंड, केंब्रिज ऑडिओ यांची यंत्रं आहेत. किमतीप्रमाणे बांधणी आणि डॅक सुधारतो, पण रोजच्या वापरातला अनुभव ठरतो तो अ‍ॅपवर. ते अ‍ॅप घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात देऊन पाहावं. आई किंवा सासऱ्यांना मदतीशिवाय गाणं लावता आलं नाही, तर ते यंत्र वर्षभरात धूळ खात पडतं.

राहिल्या घराच्या गोष्टी. मावळातल्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंती जाड असतात. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय त्यातून फारसं जात नाही, २.४चं थोडं बरं जातं. शिवाय सिमकार्डवर चालणारा राउटर जिथे रेंज येते तिथे, म्हणजे पडवीत किंवा माडीवर ठेवावा लागतो आणि गाणं ऐकायचं असतं माजघरात. यावर साधा इलाज म्हणजे तार. साधी कॅट ६ तार १०० मीटरपर्यंत चालते. पण त्यासाठी स्ट्रीमरला तारेची खोबण हवी आणि स्वस्तातल्या काही यंत्रांत ती नसते.

विजेसाठी ५ किंवा १२ व्होल्टच्या छोट्या अडॅप्टरवर चालणारा स्ट्रीमर घ्यावा. राउटरसाठी मिळणारी लहानशी बॅटरी त्यालाही चालवू शकते. आतच २३० व्होल्टचा पुरवठा असलेल्या देखण्या यंत्राला ते जमत नाही. अ‍ॅम्प्लिफायरला मात्र इन्व्हर्टर लागणार, आणि तो साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर अनेक अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतात. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात, पहिला गडगडाट ऐकू आला की अडॅप्टर आणि बाहेरून येणारी तांब्याची तार दोन्ही काढून ठेवायच्या. फायबरमधून वीज येत नाही, पण फायबरच्या डब्याचा अडॅप्टर भिंतीतच असतो, हे लोक विसरतात.

तर दुकानात करायचं ते इतकंच. पेनड्राइव्हवरचे ट्रॅक लावायला सांगा आणि जोड ऐका. मग विक्रेत्याला राउटरची बाहेरून येणारी तार काढायला सांगा, राउटर चालूच ठेवून, आणि दुकानातल्या लॅपटॉपवरचं गाणं स्ट्रीमरवर लावून दाखवा म्हणा. त्यानंतर स्ट्रीमर बंद करून पुन्हा चालू करायला सांगा, कारण काही यंत्रं चालू असताना नेटविना चालतात पण नेटविना उठत नाहीत, आणि लाइट आल्यावर आपल्याकडे नेमकं तेच घडायचं असतं. एवढ्यात जे यंत्र उरेल ते घ्या. उरलेल्या पैशांत तेवढीच आणखी एक एसएसडी घ्यावी, तिच्यावर सगळा संग्रह उतरवावा आणि ती कात्रजच्या पलीकडे, पुण्यातल्या एखाद्या नातेवाइकाच्या कपाटात ठेवून द्यावी.